वीस मिनिटांचा दिवा

माझ्या धाकट्या बहिणीची, वेइ-चेनची, ताइचुंग शहरातली भाड्याची खोली रिकामी करताना तिचा लाल दिवा मी आईसाठी ठेवून घेतला. दिवा म्हणजे ताटाएवढं एक पॅनल, त्यात लाल एलईडींच्या रांगा. वेइ-चेन इस्पितळात परिचारिका होती. रात्रपाळीहून आली की पडदे ओढून त्याच्यासमोर पाय पसरून बसायची आणि मग झोपायची. पोटऱ्यांचा ठणका उतरतो, झोप लवकर लागते, असं म्हणायची. अशाच एका पाळीनंतर परतताना तिच्या स्कूटरला ट्रकने उडवलं.

तेव्हापासून आईची झोप गेली होती.

"याने झोप लागते?" हुवेइ गावातल्या आमच्या घरी दिवा उलटसुलट करून पाहत तिने विचारलं.

"काहींना लागते. पुरावा फार भक्कम नाही, पण अपायही नाही. झोपण्याआधी गुडघ्यांसमोर ठेवून बस. वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो."

"तू डॉक्टरांपेक्षा वाईट आहेस. त्यांना निदान खोटं बोलता येतं."

मी शिंचूला एका प्रयोगशाळेत प्रकाश मोजण्याचं काम करते. खोटं बोलायची मला खरंच सवय नाही.

महिन्याभरात बाबांचा फोन आला. "आ-मिन, तुझा तो दिवा परत घेऊन जा."

"का? गुण येत नाही?"

"टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर रात्रपाळी केली. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता झोपेन. तर घरातच पाळी सुरू झाली. तुझी आई उठते, जाते, येऊन पडते, पुन्हा उठते. काल बाजारात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, अशी जागत राहिली तर धडगत नाही."

"पण उठून जाते कुठे?"

"मला काय माहीत? मी त्या खोलीत जात नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी मी घरी गेले. आईच्या गालांची हाडं वर आली होती, कोपरावर खरचटलेलं होतं. ती स्वयंपाकघरात असताना मी वेइ-चेनच्या लहानपणच्या खोलीचं दार उघडलं.

दिवा टेबलावर होता. त्याचं तोंड खुर्चीकडे नव्हतं, पलंगाकडे होतं, रिकाम्या उशीकडे. त्याच्यापुढे बशीत पेरूच्या फोडी होत्या, वर आलुबुखारची पूड भुरभुरलेली, आणि दुधाच्या चहाचा पेला, बर्फ न घातलेला, वेइ-चेन प्यायची तसा. फोटो नव्हता, उदबत्ती नव्हती. कुणी हटकलं असतं तर आई म्हणाली असती, मला भूक लागते. आमच्याकडे लग्न न झालेल्या मुलीचं नाव घरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या पाटीवर चढत नाही. वेइ-चेनचं नाव डोंगरातल्या भिक्षुणींच्या मंदिरात ठेवलं होतं, तिच्यासारख्याच इतर मुलींबरोबर.

आई मागे येऊन उभी राहिली. मी विचारायच्या आधीच ती बोलली.

"बाहेरच्या खोलीतले देव्हाऱ्यावरचे ते दोन लाल दिवे मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहतेय. कधी विझत नाहीत. तुझ्या आजोबांनी कधी कुणाला बरं म्हटलं नाही, त्यांच्या तोंडावर रात्रंदिवस उजेड. आणि माझी पोर अंधारात?"

"मंदिरातही दिवा असतो, आई."

"शंभर जणींत एक. शिकताना वसतिगृहात ठेवली, तिथे तरी तिला झोप लागली होती का? महिन्यात पळून आली होती." तिने बटण दाबलं. उशी लाल झाली. "मेला सारखा बंद पडतो. मग उठावं लागतं."

"म्हणजे तू रात्रभर..."

"विझलेला कळतो मला. भिंतीपलीकडूनही कळतो."

बाबा दाराशी आले होते, पण उंबरठ्याच्या बाहेरच थांबले. आत न पाहता म्हणाले, "मुलगी परक्या घरची असते. आपल्या देव्हाऱ्याची बरोबरी करायची नसते."

"कुठल्या घरची?" आई वळलीसुद्धा नाही. "सांगा ना. घर दाखवा, मी स्वतः पोचवून येते."

बाबा देव्हाऱ्याची धूळ पुसायला निघून गेले. ती सकाळीच पुसलेली होती.

मला एवढंच दिसत होतं की आईला झोप हवी आणि झोपेच्या आड एक टायमर आहे. तो काढता येण्यासारखा होता. मी पॅनल उघडलं, टायमर वगळून तारा थेट जोडल्या आणि तापू नये म्हणून प्रकाश बराच कमी केला. संध्याकाळी तिला दाखवलं. अर्धा तास गेला, तास गेला, दिवा चालूच.

"आता विझणार नाही?"

"नाही. तू निर्धास्त झोप."

तिने माझ्या गालाला हात लावला. बऱ्याच महिन्यांनी.

सकाळी मी उठले तेव्हा घरात चुलीचा आवाज नव्हता. बाबा अंगणात होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपलीय," ते कुजबुजले. "एकदाही उठली नाही. घोरत होती! तिचं घोरणं ऐकून मला रडू यायचं बाकी होतं." बाहेरून कांजी आणि तळलेल्या पावाच्या कांड्या आणायला ते सायकल घेऊन जवळजवळ पळतच गेले.

ऊन खिडकीत आल्यावर आई उठली. चेहरा तजेलदार, डोळे निवळलेले. क्षणभर ती जुन्या आईसारखी दिसली. मग तिने खिडकीकडे पाहिलं आणि चप्पल न घालता वेइ-चेनच्या खोलीकडे धावली.

मी गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती. दिवा मंदपणे चालूच होता. उन्हात तो जेमतेम दिसत होता.

"बघ, विझला नाही," मी म्हणाले.

"रात्रभर मला तिची आठवणच झाली नाही." ती म्हणाली. "स्वप्नसुद्धा पडलं नाही, आ-मिन. मेल्यासारखी झोपले. ती एकटी होती आणि मी घोरत होते."

"आई, डॉक्टर म्हणाले तुला झोप..."

"तान्ही असताना ती दर थोड्या वेळाने उठायची. तुझी आजी म्हणायची, रडू दे, सवय लागेल. मी नाही रडू दिलं." तिने दिवा उचलून माझ्या हातात दिला. "होता तसा करून दे."

मी तिला रक्तदाबाबद्दल सांगितलं, तिच्या वयाबद्दल, हृदयाबद्दल. सगळं बरोबर होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तसा करून दे," ती म्हणाली.

मी पॅनल पुन्हा उघडलं. बाहेर बाबांच्या सायकलची घंटा वाजली, कांजीच्या डब्यांचा आवाज आला. "उठली का? गरम आहे तोवर या!" त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा होता. आई शेजारी बसून ओंजळीत स्क्रू धरून होती.

"तू आता चाळीशीची होशील," ती म्हणाली.

"हो."

"कुणाशी तरी लग्न कर. म्हातारा असला तरी चालेल, नुसतं कागदावर केलंस तरी चालेल. कुठल्या तरी घरच्या पाटीवर तुझं नाव लागू दे." मग अगदी हळू, "तुझ्यासाठी उठायला मी असणार नाही गं."

टायमरची तार मी पूर्वीच्या जागी लावली आणि तिच्यापुढे हात केला. तिने एकेक स्क्रू माझ्या हातावर ठेवला.