नवरीचा कडा

धबधब्याच्या तिसऱ्या थांब्यावर आलं की वाटाडीबाई रोज त्याच वाक्यावर अडखळायची. बावीस वर्षं ती लोकांना हा धबधबा दाखवत होती. दरीत इंद्रधनुष्य कधी दिसतं, कुठल्या दगडावर शेवाळ आहे, सगळं तिला तोंडपाठ. पण कारभार नव्या कंपनीकडे गेला, काचेचा सज्जा आला, तिच्या छातीवर बिल्ला आला आणि त्याच्यासोबत एक छापील गोष्टही आली. लग्नाच्या सकाळी म्हणे एका नवरीने या कड्यावरून उडी घेतली. कठड्यावर तिची शाल तेवढी सापडली. पाण्याच्या आवाजात तिचं रडणं अजून ऐकू येतं.

पंचाईत एवढीच की ती नवरी वाटाडीबाईच्याच घरात राहत होती. तिची सख्खी आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत.

आत्याला तो नवरा नको होता. चारदा सांगूनही घरात कुणी ऐकेना, तेव्हा ती पहाटे उठली, भिजून जड होईल म्हणून शाल कठड्यावर टाकली आणि धबधब्यामागच्या पायवाटेने पलीकडे उतरून गेली. दूरच्या शहरात कापडगिरणीत तीस वर्षं राबली. इकडे तिच्या बापाने, पोरगी पळाली म्हणण्यापेक्षा पोरगी मेली म्हणणं पत्करलं. बाप गेल्यावर ती भावाकडे परत आली, तोवर गोष्ट पार लांबवर पसरली होती.

वाटाडीबाईने सहा महिने ती गोष्ट सांगितली आणि घरी ताकास तूर लागू दिली नाही. मग एके दिवशी पिशवीतलं माहितीपत्रक आत्याच्या हाती लागलं. तिने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. पोटासाठी करावं लागतं वगैरे भाची पुटपुटली, पण आत्या रागावली नाही.

"मला माझं मरण बघायचंय," ती म्हणाली. "उद्या घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या थांब्यावरच्या बाकावर, काठीवर हनुवटी टेकून आत्या बसली. भोवती तीसेक पाहुणे. भाचीने सुरुवात केली आणि 'लग्नाच्या सकाळी' म्हणताना तिची नजर बाकाकडे गेली. आत्या शांतपणे वाट बघत होती. त्या शांतपणानेच वाटाडीबाईचा धीर सुटला.

"पुढचं खोटं आहे," ती म्हणाली. "तिने उडी मारली नाही. ही बघा, इथे बसलीय."

सगळे पाहुणे बाकाकडे वळले. मग एका बाईने भीत भीत विचारलं, ती रडली होती हे तरी खरं का?

"रडले ना," आत्या म्हणाली. "पलीकडे पोचल्यावर. नवा बूट फाटला होता."

हशा ऐकून कंपनीचा मॅनेजर धावत आला. माणूस मऊ बोलणारा. दोघींना बाजूला घेऊन त्याने समजावलं की इथे उभारायच्या नवरीच्या पुतळ्याची ऑर्डर गेलीय, आणि लोक मेलेल्या नवरीला बघायला येतात, चालत गेलेल्या बाईला नाही. आजींना तो जन्मभराचा मोफत पास द्यायला तयार होता, फक्त त्यांनी गप्प बसायचं.

"साहेब, बापाने मला मेलेली ठरवलं तेव्हा मी इथे नव्हते," आत्या म्हणाली. "आज आहे."

मग तो भाचीकडे वळला. एक तर छापील गोष्ट, नाही तर बिल्ला काढा. बिल्ल्याची पिन अडकली होती. तिने हिसका दिला, गणवेशाचा खिसा टरकला, आणि बिल्ला तिने त्याच्या तळहातावर ठेवला. आत्याला हात देत ती पायऱ्या चढली, मागे वळून न बघता.

पुतळा उभा राहिला. नवा वाटाड्या नवरीला रोज दरीत ढकलतो. वाटाडीबाई दोन महिने घरी बसली, हात चोळत. पण त्या दिवशीच्या तीस जणांनी तोंडं बंद ठेवली नव्हती. लोक घर शोधत येऊ लागले, ती मागची वाट दाखवाल का म्हणून. वाट जंगलखात्याची, कंपनीला तिथे कुलूप लावता येईना. आता ती एका वेळी आठच माणसं नेते आणि शेवाळावर सगळ्यांना बूट काढायला लावते.

निघण्यापूर्वी दारातल्या पायरीवर बसून आत्या हकीकत सांगते. हल्ली त्या वाटेवर तिला एक अस्वलही भेटू लागलंय. भाचीने एकदा हटकलं, आत्या, हे अस्वल आलं कुठून?

"मी जिवंत आहे, पोरी. माझ्या गोष्टीत भर पडणारच," आत्या म्हणाली आणि अस्वल केवढं होतं ते हात पसरून दाखवू लागली.