चालकाच्या बाजूचा शॉकअप

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे. हातभर उंचीचा, काळा रंग उडालेला, अंगावर तेलाचा ओघळ सुकलेला. गाडीत बसताना खिडकीशी कोण बसणार यावरून तुम्ही भांडता. पुढच्या चाकाच्या वर, पत्र्याआड कोण उभे आहे ते कशाला पाहाल? पाहू नका, माझी तक्रार नाही. आमचे काम नीट झाले की काही झाले होते हे कळतच नाही.

मी कारखान्यात जन्मलो. एक जाड पोलादी नळी, तिच्यात तेल, तेलात वर-खाली होणारा दट्ट्या आणि बाहेरून वेढा घातलेली स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेले की धक्का आधी स्प्रिंग झेलते. पण स्प्रिंगचा स्वभाव उड्या मारण्याचा. एकदा दाबली की ती नाचतच राहते. तिला आवरायचे काम माझे. आम्ही नेहमी जोडीने तयार होतो. मी चालकाच्या बाजूचा आणि माझा जुळा भाऊ शेजारच्या बाजूचा. एका छोट्या निळ्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर आम्हाला उभे केले. मध्ये इंजिन, त्यामुळे इतकी वर्षे बरोबर राहूनही आम्ही एकमेकांचे तोंड पाहिले नाही. त्याचा आवाज मात्र मला कळायचा.

गाडी घेणारे गृहस्थ शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. त्यांनी जन्मात कधी वर्गावर तास घेतला नव्हता, तरी गॅरेजमधला मिस्त्री त्यांना मास्तरच म्हणे. काचेची पात्रे आणि परीक्षानळ्या ते स्वतः दुकानातून आणत. एकेक नळी वर्तमानपत्रात गुंडाळायची, खोके मागच्या सीटवर ठेवायचे आणि मग असे गाडी चालवायचे, की मागे जणू कुणाचे तान्हे बाळ झोपले आहे. शाळेत खोके उघडले की एकाही नळीला तडा नसे. मुख्याध्यापक त्यांना शाबासकी देत. मास्तर ती तिथे ठेवून घेत नसत. गाडीपाशी येऊन चाकावरच्या पत्र्यावर दोनदा थोपटत आणि म्हणत, "गडी चांगले आहेत." ती थाप माझ्यापर्यंत पोहोचायची.

दर रविवारी सकाळी आमची परीक्षा असे. परीक्षक मास्तरांची मुलगी. तेव्हा ती पहिली-दुसरीत असेल. मास्तरांनी तिला तीन शब्द शिकवले होते: दाब, सोड, मोज. दोन्ही हात बॉनेटच्या कोपऱ्यावर टेकायचे, सगळे वजन टाकून गाडी खाली दाबायची, हात सोडायचे आणि ती किती वेळा उसळते ते मोजायचे. एकदाच वर येऊन स्थिर झाली तर शॉकअप धडधाकट. नाचत राहिली तर म्हातारा. मुलीचे वजन ते काय! ती बॉनेटवर जवळजवळ लोंबकळायची. मास्तर पाठीमागून गुपचूप हात लावायचे आणि विचारायचे, "किती?"

ती म्हणायची, "एक."

मग दुसरी बाजू. तिथेही "एक." मग आई पायरीवरून म्हणायची, परीक्षा झाली असेल तर पास झालेल्यांनी आणि पास करणाऱ्यांनी हात धुऊन घ्यावेत.

दिवस गेले. मुलगी मोठी झाली, शिकली, दोन तासांवरच्या दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. मास्तर निवृत्त झाले. आम्हीही थकलो होतो. माझ्या वरच्या कडेतून तेल पाझरू लागले, भावाचेही तेच. याच सुमारास आईच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले होते की वर्षभर पाठीला हादरा बसता कामा नये.

मास्तर दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गॅरेजात गेले. मिस्त्रीने दाबून पाहिले आणि दोन्ही बाजू गेल्याचे सांगितले. हे जोडीनेच बदलायचे असतात, एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी लंगडते, हेही सांगितले. पण अडचण अशी, की या मॉडेलचे भाग मिळणे केव्हाच बंद झाले होते. खूप फोन केल्यावर एकच नग सापडला, तो शेजारच्या बाजूचा. माझ्या बाजूचा यायला तीन आठवडे लागणार होते. मिस्त्री म्हणाला, तोवर थांबा.

मास्तर थांबले नाहीत. आईला चार दिवसांनी घरी आणायचे होते.

"तो बसवून टाक," ते म्हणाले. "माझ्या बाजूला बसतं कोण?"

"तुम्हीच बसता की, मास्तर."

"तेच म्हणतोय. कोणी नाही."

मिस्त्री हसला आणि कामाला लागला. माझा भाऊ त्या दिवशी उतरला. निरोप घ्यायची सोय आमच्यात नसते. त्याच्या जागी नवा पाहुणा आला, आणि आईची बाजू पुन्हा सायीसारखी मऊ झाली.

तीन आठवड्यांनी माझ्या जागचा नगही आला. मिस्त्रीने फोन केला. मास्तर म्हणाले, येतो. पण आईला एकटे सोडून अर्धा दिवस गॅरेजात कसे बसायचे? पुढे आई हिंडूफिरू लागली, तेव्हा ते म्हणाले, आता काय घाई आहे. मित्रांनो, हीच त्यांची चूक. काचेच्या नळीला तडा जाऊ न देणारा हा माणूस स्वतःला कधी कागदात गुंडाळत नसे.

अशी चार वर्षे गेली. माझ्यातले तेल संपले. खड्डा आला की मी नुसता खडखडायचो आणि तो हादरा स्टीअरिंगमधून मास्तरांच्या मनगटात आणि खांद्यात जायचा. त्यांनी स्टीअरिंगला कापड गुंडाळले आणि आपल्या पाठीमागे घडी घातलेला टॉवेल ठेवला. घाम फार येतो, असे आईला सांगितले. शेजारी बसलेली आई म्हणायची, "अहो, किती अलगद चालवता तुम्ही." ते म्हणायचे, "गाडीच चांगली आहे." रविवारी अजूनही परीक्षा घ्यायचे, पण आता एकाच बाजूची. आईची बाजू दाबायचे, एक मोजायचे आणि माझ्यापाशी न येता आत जायचे.

मग एका सकाळी ते चहाचा कप हातात घेऊन खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत.

गाडी फाटकाशी दोन महिने उभी राहिली. मुलगी यायची, कागदपत्रे आवरायची, कपाटे लावायची. तिला रडताना मी पाहिले नाही. ती मास्तरांची मुलगी होती, वस्तू जागच्या जागी ठेवत होती. गाडीचे काय करायचे हा प्रश्न निघाला तेव्हा तिने भंगारवाल्याला फोन केला. तो शनिवारी न्यायला येणार होता. आई एवढेच म्हणाली, "तुला योग्य वाटेल ते कर."

मंगळवारी आईला तपासणीसाठी न्यायचे होते. भाड्याच्या गाडीत तिची पाठ धरायची, म्हणून मुलीने शेवटचे एकदा आमचीच गाडी काढली. पहिल्याच खड्ड्याला मी असा आपटलो, की तिचे हात स्टीअरिंगवरून सुटता सुटता राहिले. दुसऱ्याला तिने ओठ दाबले. आई मात्र खिडकीतून बाहेर पाहत शांत बसली होती.

"तुझ्या बाबांची गाडी," ती म्हणाली, "पोटातलं पाणी हलत नाही बघ."

मुलीला वाटले, आई बाबांच्या आठवणीने असे बोलते आहे. पण दवाखान्याच्या आवारात आईला उतरवल्यावर ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली. आईच्या बाजूच्या कोपऱ्यावर हात टेकले. दाबले, सोडले, मोजले. एक. मग माझ्या बाजूला आली. दाबले, सोडले. एक, दोन, तीन, चार. मी थांबायला खूप धडपडलो, मित्रांनो. तिने पुन्हा दाबले. पुन्हा चार. मग ती आत वाकली, सीटवरचा टॉवेल उचलून पाहिला आणि परत तसाच घडी घालून ठेवला.

तपासणी झाल्यावर ती घरी न जाता आईला घेऊन थेट मिस्त्रीकडे गेली. दोन्ही बाजू अशा वेगळ्या का, एवढेच तिने विचारले. मिस्त्रीने सगळे सांगितले, "बसतं कोण" हेही सांगितले. मग स्टूलवर चढून वरच्या फळीवरून एक लांबट खोके काढले. त्यावर खडूने लिहिले होते: मास्तर, चालक बाजू. खोक्यावर चार वर्षांची धूळ होती.

"दर सहा महिन्यांनी फोन करायचो, ताई. म्हणायचे, राहू दे तुझ्याकडं, पळून जात नाही तो."

आई बाकावर बसली होती. तिने खोक्यावरची खडूची अक्षरे वाचली. मग म्हणाली, "आणि मी चार वर्षं त्यांच्या चालवण्याचं कौतुक करत होते."

मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने उठली, बाहेर गेली आणि भंगारवाल्याला फोन करून सांगितले की शनिवारी येऊ नका.

मिस्त्रीने गाडी जॅकवर उचलून खाली ठोकळा लावला, चाक काढले. माझे खालचे दोन बोल्ट गंजून बसले होते. त्यांच्यावर तेल सोडून त्याने जरा वाट पाहिली. मग बॉनेटखालचे तीन नट सोडले आणि मी इतक्या वर्षांनी उजेडात आलो. स्प्रिंग शिकंज्यात आवळून त्याने माझ्या अंगावरून उतरवली. ती अजून ठणठणीत होती. वडिलांचा कोट मुलाला चढवावा तशी तिला नव्याच्या अंगावर चढवली. माझा त्याला काही हेवा वाटला नाही. दुसरी बाजू त्याने नीट तपासली, गाडी फार फिरली नव्हती, ती अजून चांगली आहे म्हणाला. पुढच्या खेपेला मात्र जोडीनेच बदलायचे, असे बजावले आणि चाकांचे अलाइनमेंट करून दिले.

निघताना मुलगी माझ्या जुन्या कोपऱ्याशी उभी राहिली. हात टेकले, दाबले, सोडले.

बाकावरून आईने विचारले, "किती?"

मुलीने पुन्हा एकदा दाबून मोजले.

"एक."

मिस्त्री मला भंगाराच्या डब्यात टाकणार होता. मुलीने मला मागून घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मागच्या सीटवर ठेवले. आता मी त्यांच्या गॅलरीच्या दाराशी असतो. वारा सुटला की दार आपटू देत नाही. उतारवयात याहून बरी नोकरी कुठली?

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. खडखडाट करणाऱ्याकडे तुम्ही लक्ष देताच. पण जो दुसऱ्याची बाजू मऊ ठेवून स्वतः गप्प बसतो, त्याच्याही कोपऱ्यावर कधीतरी हात टेकून पाहा. आणि तो "चालेल" म्हणाला, तरी मोजल्याशिवाय सोडू नका.

मुलगी आता दर रविवारी येते. आई पायरीवर येऊन उभी राहते आणि विचारते, "किती?" एका बाजूचे उत्तर मिळाले तरी ती जागची हलत नाही. दुसऱ्या बाजूचे ऐकते आणि मगच आत जाते.