ब्रेक – माझे

ही गेल्याचं मला एका पहारेकऱ्याने सांगितलं, आणि तेही चुकून.

मी कामावर होतो. कपड्यांच्या कारखान्यात शिलाईची मशिनं दुरुस्त करतो, सव्वीस वर्षं झाली. त्या दिवशी एक मशीन टाके सोडत होतं, ते उघडून बसलो होतो. हिच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला आणि म्हणालो, "पंक्चर ना?" पलीकडे पुरुषाचा आवाज. टेकडीवरच्या राखीव रानाचा पहारेकरी बोलतोय म्हणाला. या फोनमध्ये सगळ्यात वर 'मिस्त्री' असा नंबर आहे, तर या बाईंची सायकल दुरुस्त करणारे तुम्हीच का? मी हो म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

"सायकल धड आहे हो," तो म्हणाला. "बाई गेल्या. त्यांच्या घरच्यांचा नंबर असेल तर द्या."

मी म्हणालो, घरचाच बोलतोय.

मिस्त्री हे नाव तिनेच ठेवलेलं. लग्न झालं तेव्हा थट्टेत, मग सवयीने. ती मोजणी खात्यात नकाशे काढायची. डावखुरी होती. चोपन्न वर्षांची झाली तरी दर रविवारी टेकडीवर सायकल घेऊन जायची, दगडांतून, उतारांवरून. मी घरी थांबायचो आणि ती आली की चिखल धुऊन द्यायचो.

त्या दिवशी काय झालं ते मी स्वतः जाऊन पाहिलं आहे. सायकल एका खडकाला टेकवलेली होती. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. ही सावलीत बसलेली. पाण्याची बाटली शेजारी, बूच घट्ट लावलेलं. डॉक्टर म्हणाले, बसल्या जागी हृदय थांबलं. सायकलवरून पडणारं माणूस आधी बाटलीचं बूच लावत नाही. हे मी महिनाभर ज्याला त्याला सांगितलं. कोणी ऐकलं नाही. सगळ्यांचं ठरलेलंच होतं.

"त्या सायकलीनं घेतली तिला," दादा म्हणाले. दादा म्हणजे हिचे थोरले भाऊ. आमच्या बाहेरच्या खोलीत बसून, चहाचा कप हातात धरून म्हणाले.

"सायकल उभी होती, दादा," मी म्हणालो.

"तुम्ही तिला अडवायला हवं होतं, जावईबापू."

मी म्हणालो, तुम्ही लहानपणापासून अडवत होतात, तुम्हाला जमलं का? त्यांनी चहाचा घोट घेतला आणि पुन्हा तेच म्हणाले.

नवव्या दिवशी पार्सल आलं. आणणाऱ्याला तिच्या फोनवर आलेला चार आकडी नंबर हवा होता. तिचा फोन मी रोज चार्ज करत होतो, कशासाठी ते मला विचारू नका. मी आकडे वाचून दाखवले. मॅडम नाहीत का, त्याने विचारलं. मी नाहीत म्हणालो, आणि खोकं आत घेतलं.

आत फ्रेम होती. डोंगरी सायकलची, पुढून आणि मागून दोन्हीकडे धक्का झेलणारी. पिकल्या लिंबाच्या रंगाची. साधी फ्रेम एका तुकड्यात असते. या फ्रेमचा मागचा त्रिकोण सुटा, सांध्यांवर हलणारा, आणि मध्ये धक्का झेलणारा, हाताच्या वितीएवढा शॉक. ही फ्रेम निवडायला तिने वर्ष घालवलं होतं. बाकीचे सुटे भाग एकेक करून आणून पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवले होते. आणि कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवली होती, नकाशावर लिहितात तशा उभ्या, सुट्या अक्षरांत. तेवीस ओळी.

पहिली ओळ: टॉर्क पाना. मिस्त्रीचा हात लोखंडाचा आहे.

नववी: मागचं चाक, कर्कश हबचं. घंटी वाजवायला नको, माणसं आपोआप बाजूला होतील.

सतरावी: ब्रेक – माझे.

तेविसावी, शेवटची: शॉकची हवा – मी बसल्यावर.

लेक त्या दिवसांत माझ्याजवळ राहायला आली होती. तिने दुकानाला फोन करून विचारलं. महिन्याच्या आत फ्रेम परत घेतात, पण एक अट: तिच्यात काही दाबून बसवलेलं नको. हँडल ज्या नळीत फिरतं तिच्यात वर-खाली दोन वाट्या दाबून बसवाव्या लागतात. त्या बसल्या की फ्रेम आपली झाली.

लेकीने मला हे नीट समजावून सांगितलं, आजारी माणसाला सांगतात तसं. दादाही होते. म्हणाले, "घरात ते धूड कशाला? रोज डोळ्यांसमोर." मग लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला तर सायकलवर बसायचंही नाही. कोणासाठी करायचं?"

ते खरं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी हिची सायकल घेऊन उताराला लागलो होतो. समोर कुत्रं आलं म्हणून डावा ब्रेक दाबला, आणि हँडलवरून पुढे जाऊन पडलो. गळपट्टीचं हाड मोडलं. ती धावत आली, आधी सायकल उचलली, चाक फिरवून पाहिलं, आणि मग मला विचारलं की लागलं का. त्यानंतर मी सायकलला हात लावला तो फक्त पान्याने.

मी उठलो. कारखान्यातून लांब आटे असलेली एक सळई, दोन नट आणि जाड वॉशर घेऊन आलो. वाट्या सरळ रेषेत ठेवल्या, सळई आरपार घातली, आणि दोन्ही पान्यांनी आवळत गेलो. दादा दारात उभे राहून बघत होते. पहिली वाटी आत सरकताना कर्र असा आवाज आला.

"आता परत घेणार नाहीत," दादा म्हणाले.

"म्हणूनच आधी हेच केलं," मी म्हणालो.

त्यानंतर ते तीन आठवडे आले नाहीत. फोनवर मात्र लेकीकडे चौकशी असायची, की मिस्त्रींचं डोकं ठिकाणावर आलं का.

मी रोज संध्याकाळी कामावरून आलो की बाहेरच्या खोलीत बसायचो. कोच भिंतीला सरकवला. पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, बसवला. त्याची वरची नळी जास्त लांब होती, ती कापायची होती. यादीत माप होतं. तरी मी तीनदा मोजलं, कारण कापलेली नळी वाढत नाही. चाकांना टेप लावली, टायर चढवले, ट्यूबऐवजी आत भोकं बुजवणारा पातळ चीक ओतला. मागचं चाक फिरवून सोडलं तेव्हा मधल्या हबचा एवढा किरकिराट झाला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खाली येऊन विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, माणसं बाजूला करतोय.

प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने आवळला. तो पाना ठरलेल्या जोरावर टक् करतो, म्हणजे थांब. मला आयुष्यात कोणी असं थांबवलं नव्हतं, एकीशिवाय. पहिल्या दिवशी त्याच्या टक्‌नंतरही मी थोडं आवळायला गेलो, आणि पाना खाली ठेवला.

तेलावर चालणाऱ्या ब्रेकचं काम मला येत नाही. त्यासाठी छर्रे आला. छर्रे हा हिचा सायकलवाला. चाकातल्या छर्ऱ्यांचा नुसता आवाज ऐकून कुठला बेअरिंग गेला ते सांगतो, म्हणून ते नाव. सतराव्या ओळीपाशी तो थांबला. ब्रेक – माझे, म्हणजे काय? मी चादरीतलं ब्रेकचं खोकं दाखवलं, त्यावर तिचं नाव होतं. तिने आणलेले हेच, म्हणून 'माझे'. त्यालाही ते पटलं. त्याने ब्रेकच्या तेलाच्या नळ्या फ्रेमच्या पोटातून ओवल्या, मापात कापल्या, तेल भरलं, बुडबुडे काढले आणि गेला. मी सतराव्या ओळीवर खूण केली.

दुसऱ्या दिवशी सायकल खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला ढकलत नेत होतो. भिंत आली म्हणून डाव्या हाताने ब्रेक दाबला. मागचं चाक थांबलं, अगदी सौम्यपणे. मी उभा राहिलो. गळपट्टीच्या हाडावर हात गेला.

पुढचं चाक थांबायला हवं होतं. सगळ्यांचा पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. हिचा डाव्या. ती प्रत्येक सायकल आल्या आल्या उलटी करून घ्यायची. ब्रेक – माझे याचा अर्थ तेवढाच होता. माझं हाड मोडून मला तो सांगितलेला, तरी मी खोक्यावरचं नाव वाचत बसलो.

छर्रेला बोलावलं. त्याने डोकं हलवलं. उलटं करायला नळी पुरणार नाही, हँडल पूर्ण वळवलं की ताणेल. कापली ना आपण. नवी नळी मागवायची, पुन्हा तेल, पुन्हा सगळं. आणि मुद्दा तो नव्हताच. "मिस्त्री, उद्या ही कोणी चालवली तर? कोणीही दाबणार आणि तोंडावर पडणार. आता आहे तशी जगाच्या उपयोगाची आहे."

त्याच संध्याकाळी दादा आले होते. ते म्हणाले, हे बरंच झालं. देवानंच सरळ करून दिली. आता विकता तरी येईल.

मी दोघांनाही बसवलं. मी भांडखोर माणूस नाही. पण त्या दिवशी आवाज चढला. मी म्हणालो, तिला जन्मभर सगळ्यांनी सांगितलं की उजव्या हाताने जेव, उजव्या हाताने लिही, वय झालं, घरी बस. ती बसली नाही. आता ती नाही म्हणून तिची सायकल तुम्ही उजवी करणार? ही जगाच्या उपयोगाची व्हायची नाही. नळी मागवा.

दादा म्हणाले, "मग चालवणार कोण?"

"मी," लेक म्हणाली.

ती आतल्या दारात उभी होती. आम्ही तिघं तिच्याकडे बघायला लागलो.

"मी आईच्याच सायकलवर शिकले," ती म्हणाली. "पुढचा डाव्याच हातात असतो असं मला वाटायचं. कॉलेजात मैत्रिणीची घेतली आणि नाक फुटलं. तुम्हाला सांगितलं होतं की जिन्यावरून पडले."

मला हे ठाऊक नव्हतं. हिला असणार.

दादा आधी हसले. मग रुमाल काढून बराच वेळ नाक पुसत बसले. छर्रेने नळीचं माप घेतलं, यावेळी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून.

नळी पाच दिवसांनी आली. तेल भरताना लेकीने सायकल धरली. काम झाल्यावर मी डावी मूठ दाबून पाहिली. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. सतराव्या ओळीवर मी दुसरी खूण केली, पहिलीवर काट मारून. मग साखळी, गिअर, सीट, पेडल. एकेक ओळ संपली.

शेवटी शॉक राहिला. तो हवेवर चालतो. माणूस सीटवर बसलं की तो थोडा दबायला हवा, साधारण तिसऱ्या हिश्शाने. दबला नाही तर हवा काढायची, जास्त दबला तर भरायची. म्हणून चालवणारं माणूस आधी बसावं लागतं. छर्रे म्हणाला, वजन सांगा, तक्त्यावरून भरून देतो. तिचं वजन मला माहीत आहे. अठ्ठावन्न. मी सांगितलं नाही.

लेक जायच्या आदल्या दिवशी सायकलजवळ आली. छोटा पंप हातात घेऊन उभी राहिली.

"मी बसू का, बाबा? आईपेक्षा तीन किलोनं जास्त आहे. फार फरक नाही पडणार."

मी यादीकडे बघितलं. तिथे 'मी' लिहिलं आहे. बाकीच्या बावीस ओळींत मी एका शब्दाचाही बदल होऊ दिला नव्हता.

"आज नको," मी म्हणालो.

तिने हट्ट केला नाही. पंप सीटवर ठेवला. पुढच्या महिन्यात येते, म्हणाली, बूट घेऊन येते.

सायकल बाहेरच्या खोलीत उभी आहे. ज्याला बघायची त्याने येऊन बघावी. दादा दोनदा येऊन गेले, दुसऱ्यांदा त्यांनी मागचं चाक फिरवून आवाज ऐकला. सीटवर हाताने दाबलं तर मागचा भाग तळापर्यंत खाली बसतो आणि तसाच राहतो. बावीस ओळींवर खुणा झाल्या आहेत. शॉकमध्ये हवा भरायची राहिली आहे.