मला दोरी म्हणू नका

मी एक जुनी केबल आहे. जुनी म्हटलं की तुम्ही नाकं मुरडता, ठाऊक आहे मला. खुशाल मुरडा! पण मित्रांनो, आधी माझी गोष्ट पुरती ऐका, मग काय ते बोला.

माझा रंग निळा, अंग चपटं. माझं एक टोक लॅपटॉपला जोडायचं आणि दुसरं थेट सर्व्हरला. सर्व्हर म्हणजे बाकीच्या संगणकांची कामं सांभाळणारा मोठा संगणक. आमच्या सर्व्हरला ना पडदा, ना कळफलक. खोक्यातून निघाला तेव्हा त्याला स्वतःचा पत्तासुद्धा माहीत नव्हता. त्याला पहिले धडे मिळाले ते माझ्यातून.

आम्ही दोघं रुग्णवाहिका बोलावण्याच्या केंद्रात नोकरीला लागलो. लोकांचे फोन सर्व्हरमधून आत यायचे, शेजारच्या खोलीत फोनवाल्या काकू ते घ्यायच्या आणि गाडी धाडायच्या. सर्व्हरची देखभाल करणारी ताई मला जिवापाड जपायची. माझ्या टोकाची खिट्टी तुटली तेव्हा तिने लाल चिकटपट्टी गुंडाळली. सर्व्हरचा एखादा नियम बदलायचा असला, की ती आधी मला जोडायची आणि मगच हात घालायची. "नेटवर्क गेलं तरी ही आहे," असं म्हणायची. मी फुगायचे. का नाही फुगायचं?

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, हुशारही आहे, पण घाई फार. मला दोन बोटांत धरून म्हणाले, "हे काय लोढणं? आता सगळं घरबसल्या होतं."

"असू द्या, साहेब. अडीअडचणीला लागते," ताई म्हणाली.

"अहो, काळ कुठे चाललाय!" म्हणत त्यांनी मला भंगाराच्या खोक्यात भिरकावलं. ताईने नवी तरी मागवू का, विचारलं. तेही नको म्हणाले.

ताई मला गुपचूप काढायला आली, तोवर शिपाईकाकांनी मला उचललं होतं. एसीची पाण्याची नळी लोंबत होती. ती त्यांनी माझ्याने खिडकीच्या गजाला करकचून बांधली. दोरी! सर्व्हरला बोलायला शिकवणारी मी, आणि माझी दोरी केली! संताप संताप झाला माझा. म्हटलं, थांबा, एक दिवस मलाच शोधत फिराल.

तो दिवस आलाच. एका सकाळी साहेबांनी घरून सर्व्हरला नवा नियम घातला, की बाहेरच्या कोणाला आत घ्यायचं नाही. तो जतनही केला. सर्व्हरच्या लेखी नेटवर्कवरून येणारा जो तो बाहेरचाच. झालं! साहेब बाहेर, ताईचा लॅपटॉप बाहेर, आणि लोकांचे फोनही बाहेर. बसल्या फांदीवरच कुऱ्हाड घातली म्हणा ना.

काकूंच्या खोलीतले फोन गप्प झाले. एरवी घडीभर शांतता मिळाली तर काकूंना बरं वाटे. त्या दिवशी त्या पांढऱ्याफटक पडल्या. "अगं ताई, कोणीतरी फोन लावत असेल गं! कोणाचा जीव जात असेल, आणि आपल्याला पत्ताच नाही!"

तेवढ्यात ताईच्या मोबाइलवर साहेब ओरडले, "बंद करून चालू करा!"

"तुम्ही बदल जतन केलाय, साहेब. तो तोच नियम घेऊन उठणार. इथून थेट आत शिरायला हवं. केबल कुठाय?"

ताईने कपाटं उपसली, भंगाराचं खोकं पालथं घातलं. अगं, वर बघ, वर! मला तोंड असतं तर मी छत दणाणून सोडलं असतं. शेवटी काकांनीच जीभ चावली. "निळी, चपटी? ती मी नळीला बांधलीय." आणि कात्री घेऊन स्टुलावर चढले.

"काका, कात्री नको! गाठ सोडा!" ताई किंचाळली.

काकांची गाठ ती, नखांनी कुठली सुटायला! त्यांनी दातांनी सोडवली. नळी सुटली आणि काका डोक्यापासून पायापर्यंत भिजले. नशीब, माझी टोकं कोरडी होती. ताईने मला जोडलं, तर पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या खुणा.

"म्हातारी गेली वाटतं," काका पुटपुटले.

म्हातारी म्हणे! अहो, लॅपटॉपचा बोलायचा वेग सर्व्हरशी जुळला नव्हता, एवढंच. ताईने तो जुळवला आणि सर्व्हरने शहाण्यासारखं तिचं नाव विचारलं. तिने आत शिरून तो नियम काढून टाकला.

फोन खणाणला. "केव्हाचा लावतोय हो!" एक माणूस रडत होता. बायकोचं बाळंतपण घरीच अडलं होतं. काकूंनी पत्ता घेतला, गाडी धाडली आणि लगेच पुढचा फोन उचलला. दुपारी ड्रायव्हरचा निरोप आला, मुलगी झाली, आई वाचली. काकूंना हसू आणि रडू एकदमच आलं.

साहेब आले ते मान खाली घालून. सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला त्यांनी स्वतः आकडा बसवला आणि मला त्यावर टांगलं. काकांनी नळीसाठी सुतळी आणली.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. वर्षभर कोणी हात लावला नाही तरी मी कुरकुरणार नाही. पण अडीअडचणीची वस्तू हाताशी ठेवा, पुसा, जपा. आणि तरीही कोणाला मला भंगार म्हणायचंच असेल, तर त्याने आधी त्या मुलीच्या आईला विचारून यावं.