सात नंबरचं बुजगावणं

बुजगावण्याच्या अंगात माझी जर्सी! लालभडक, पाठीवर पांढरा सात. डोक्यावर फुटकं मडकं घेऊन आणि दोन्ही हात पसरून ते शेताच्या मधोमध असं उभं होतं, जसा काही गोल त्यानंच मारलाय.

मी अनवाणी चिखलातून धावत गेले. बाबा बांधावर बसून विळ्याला धार लावत होते.

"बाबा, आज फायनल आहे माझी!"

"मग जा की. मी काय तुझे पाय धरून ठेवलेत?"

"आणि घालू काय? मडकं?"

"चार दिवस पाखरांनी कणसं सोलून काढली. लाल रंगाला भितात ती. दोरीवर एक फडकं दिसलं, अडकवलं."

फडकं! आमच्या गणिताच्या बाई पुस्तक वाचून फुटबॉल शिकल्या आणि मग आम्हाला शिकवला. बारा जर्स्या त्यांनी स्वतः बसून शिवल्या, आणि यांना ते फडकं दिसलं. रागाच्या भरात मी जर्सी हिसकावली. बाही बाबांनी काठीला खिळ्यानं ठोकली होती, हे मला काय ठाऊक! काखेपासून पाठीवरून तिरकी कमरेपर्यंत टरकन फाटली. साताचे दोन तुकडे झाले.

"झालं समाधान?" बाबा म्हणाले. "आता ऐक. ते सर्वोत्तम तरुण खेळाडूचं बक्षीस म्हणतेस ना, ते आणलंस तर पुढच्या वर्षी खेळ. नाही आणलंस तर शाळा सुटली की थेट शेतात. चेंडू वासराला देऊन टाकायचा."

हे बक्षीस यंदाच सुरू झालं होतं. मुलींच्या फुटबॉलमधल्या सगळ्यात चांगल्या तरुण खेळाडूला. वर्षभर मी सतरा गोल मारले, पण निवड करणारे साहेब उगवणार होते फक्त फायनलला. म्हणजे सतरा गोल गेले वाऱ्यावर. जे काय करायचं ते आजच.

मैदानावर फाटकी जर्सी बघून बाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं टोळ, नंबराशिवाय आत सोडणार नाहीत. यादी तर कालच दिलीय."

टोळ म्हणजे मी. उड्या मारत पळते म्हणून. माझी चुलत बहीण, आमची राखीव खेळाडू, शेजारीच बसली होती. तिला सगळे बाहुली म्हणतात, कारण चिखल दिसला की ती फ्रॉक उचलून बाजूनं जाते. काकांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत, तिकडची शिंकसुद्धा इकडे ऐकू येते.

"माझी घे," बाहुली म्हणाली. "चार नंबर. मला तसंही ऊन लागतंय."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "घाल पटकन. कुणी काही बोलू नका. नंबर कुठलाही असो, पाय तर हिचेच आहेत."

त्या पायांनी तीन गोल मारले! तिसरा तर असा, की त्यांची गोलकीपर एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. चषक आम्ही डोक्यावर घेऊन नाचलो. बाहुलीही नाचली, पण कोरड्या जागी.

आठ दिवसांनी शाळेत पत्र आलं. सर्वोत्तम तरुण खेळाडू : चार नंबर. पुढे बाहुलीचं नाव.

मी आधी हसलेच. मग कळलं, की मी एकटीच हसतेय.

बाई मला घेऊन फुटबॉल संघटनेच्या कचेरीत गेल्या. कारकून टेबलावर पेन्सिलीला टोक काढत बसले होते.

"साहेब, चूक झालीय. चार नंबरच्या जर्सीत ही होती."

"असं होय? मग सोपं आहे." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "यादीतली मुलगी खेळलीच नाही, तिच्या जागी दुसरी खेळली, असं लिहून द्या."

"म्हणजे बक्षीस हिला?"

"छे हो! नियम मोडला म्हणजे सामना रद्द. चषक परत आणून ठेवायचा, एवढंच."

एवढंच! बाईंनी पेन माझ्या हातात दिलं. "तू सांगशील ते, बाळा. चूक माझी आहे."

माझ्या डोळ्यांपुढे तो नाच आला. डाव्या बाजूनं खेळणारी कुंभाराची पोर, जी चषक रोज फडक्यानं पुसायची. मी पेन इतकं जोरात ठेवलं, की कारकुनांची पेन्सिल घरंगळत खाली गेली. मुद्दाम नाही उचलली.

बक्षिसाची ढाल काकींच्या कपाटात गेली. काकी तिच्यावर बांगड्या अडकवायच्या. बाहुली एकदा ती ओढणीखाली लपवून घेऊन आली.

"तू ठेव गं. मला लाज वाटते."

"तुझं नाव कोरलंय त्यावर. मी काय घासून काढू?" मी खेकसले. ती रडली. मग मलाही रडू आलं, पण मी आधी तिला घालवून दिलं.

त्याच संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय, बक्षीस भिंतीपलीकडे कसं गेलं?"

इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर पडलं. जर्सी, यादी, तीन गोल, कोरा कागद, सगळं. "आणि वासराला चेंडू देताय ना, तर बुजगावण्यालाही ढाल द्या एक! वर्षभर राबले मी, आणि अंगातलं काढून घातलंत त्याला!"

आईचा हात चुलीपाशी थांबला.  बाबा उठले आणि बाहेर निघून गेले.

सकाळी दोरीवर माझी जर्सी होती. धुतलेली. सात पुन्हा एक झाला होता, जरा वाकडा. टाके एवढे मोठे होते, की आईचे नाहीत हे आंधळ्यालाही कळावं. पोती शिवायच्या सुतळीचे होते!

मी शेताकडे धावले. बुजगावण्याच्या अंगात बाबांचा सदरा, तो पांढरा, लग्नकार्यात घालायचा. आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर पाखरं ओळीनं बसलेली, पाहुण्यांसारखी.

"याला नाही भीत लेकाची," बाबा बांधावरून म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "सात नंबरला बरी घाबरत होती."

"मग?"

"मग काय मग! घाल ती अंगात आणि हाकल पाखरं. शाळेआधी रोज दहा फेऱ्या."

"नुसत्याच?"

बाबांनी पाठीमागून चेंडू काढला आणि माझ्याकडे लाथाडला. तिरपा गेला, पार नाल्याकडे.

"पाय सरळ ठेवा हो बाबा!" मी ओरडले आणि चेंडूमागे पळाले. शेतातली सगळी पाखरं एकदम उडाली.