फरशीवाल्याचा गुडघा

फलटणच्या धनाजीला सांगलीच्या डॉक्टरी परिषदेचं आवतण आलं, तेव्हा त्याला वाटलं, हॉलच्या फरशीचं काम निघालं असणार. पण त्याचं ऑपरेशन केलेल्या शंभूराज डॉक्टरांना त्याचे हात नको होते, गुडघा हवा होता.

धनाजी फरश्या बसवायचा. वर्षापूर्वी मोटारसायकलवरून पडला आणि उजव्या गुडघ्यातली आतली दोरी तुटली. डॉक्टर तिला लिगामेंट म्हणतात. साताऱ्याच्या शंभूराज डॉक्टरांनी नवी बसवली. त्यासाठी गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्यातून एक चिंधी कापून घेतली. येईल त्याची ते तिथूनच कापत. सांगलीचे जयराज डॉक्टर त्याच कामासाठी येईल त्याची मांडीमागची शीर काढत. दोघं एकाच कॉलेजात शिकलेले, पण एकाच्या पद्धतीचं नाव काढलं की दुसऱ्याच्या कपाळाला आठ्या. आज त्याचा सोक्षमोक्ष लागणार होता.

स्टेजवर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर धनाजी, दुसरीवर विट्याची प्रांजल. ती शंभर मीटर पळणारी, जयराज डॉक्टरांची पेशंट. दोघांच्या पँटी गुडघ्यावर दुमडलेल्या. बाजारात बैलाचे दात बघावेत तसे डॉक्टर येत, गुडघा दाबत आणि मान डोलवून जात. मग यंत्र लावून नडगी ओढली; गुडघा जितका कमी हलेल तितकी दोरी घट्ट. धनाजीचा गुडघा एक मिलिमीटर हलला, प्रांजलचा दोन.

"एक मिलिमीटर!" शंभूराज डॉक्टर माइकवर गरजले.

"आणि व्रण?" जयराज डॉक्टर उठले. "माझ्या पेशंटचा दोन बोटांचा. तुमच्या पेशंटच्या पायावर कृष्णामाई वाहतीय!"

पाऊण तास तोच कालवा. चहाची वेळ झाली तशी सगळी मंडळी भज्यांकडे धावली. स्टेजवर दोन पेशंट आहेत याची कुणालाच आठवण राहिली नाही.

"दादा, तुमी काय काम करता?" प्रांजलनं विचारलं.

"फरशी बसवायचो. आता गुडघा टेकला की वाटीत सुई टोचल्यागत हुतंय. लय कळ येती. तुजं बरं हाय का?"

"चालताना काय न्हाई. पण जोरात पळाय लागलं की मांडी मागनं धरती. तिथलीच शीर काढलीय न्हवं."

धनाजीनं आपल्या गुडघ्याकडे बघितलं, मग तिच्या. "म्हंजे तुजं ऑपरेशन मला आन् माजं तुला झालं आसतं तर बरं हुतं, व्हय गं?"

दोघंही हसली. काम होत नाही म्हणून वर्षभर धनाजी स्वतःलाच आळशी समजत आला होता.

चहानंतर अध्यक्षांनी विचारलं, "पेशंट समाधानी आहेत ना?"

धनाजीनं माइक मागितला. "सायेब, मी गुडघ्यावर बसून पोट भरतो, ह्ये कापायच्या आदी कुणी इच्यारलंच न्हाई."

"फॉर्मवर व्यवसाय लिहिलेला असतो," शंभूराज डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मदतनिसानं घाईघाईनं कागद चाळले. "शेती, सर."

"माज्या नावावर गुंठाभर जमीन न्हाई, सायेब."

हॉलमध्ये हशा पिकला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "मुद्दा मोलाचा आहे, पण वेळ संपली." दोघा पेशंटना शाल आणि नारळ मिळाला. दोन्ही पद्धती सारख्याच उत्तम, असा ठराव झाला, आणि पुढची परिषद महाबळेश्वरला ठरली.

धनाजी आता भिंतीच्या टाइल्स बसवतो, उभ्यानं. खालच्या दोन रांगा मेव्हणा बसवतो आणि वाकड्या बसवतो. प्रांजलनं शंभर मीटर सोडलं. आठशेत उतरली, पाचवी आली. फोनवर ते सांगताना ती हसत होती की रडत होती, धनाजीला कळलं नाही. "पाचवी म्हंजे काय कमी हाय का?" एवढंच त्याला सुचलं.

महाबळेश्वरसाठी शंभूराज डॉक्टरांचा दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा त्यानं सांगितलं, "सायेब, सिमेंटच्या मालाचं घमेलं भरलेलं हाय, सुकून जाईल," आणि फोन ठेवला.