पहिली रांग, लहान जागा

दीपमालाला शिष्टपणा फार आहे असं नाशिकजवळच्या अंबडमधल्या तिच्या कारखान्यात सगळे म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. स्वतःचं काम चांगलं झालं की ती तसं तोंडावर सांगायची. "हे मी छान केलंय," असं म्हणणारी बाई लोकांच्या डोळ्यांत खुपते. पुरुषाने म्हटलं की त्यालाच आत्मविश्वास म्हणतात. असो. ज्याला आपल्या कामाची थोडीसुद्धा घमेंड नाही, त्याने बांधलेल्या जिन्यावर चढताना कठडा घट्ट धरलेला बरा.

कारखाना धनराज सरांचा. मूळ धंदा इन्व्हर्टरचा. नाशिकला वीज जात होती तोवर पोटापाण्याची चिंता नव्हती, पण नव्वदचं दशक सरता सरता सरांना कॉम्प्युटरचं वारं लागलं आणि त्यांनी इंजिनीयर झालेल्या दीपमालाला कामावर घेतलं. तिने चार वर्षं खपून एक डबा तयार केला. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा, राखाडी रंगाचा, पुढे हिरवे दिवे. सगळे त्याला डबाच म्हणत. तीसुद्धा म्हणायची, पण प्रेमाने.

डब्याचं काम सांगायला सोपं आहे. एका बाजूने त्यात बरंच काही येतं: टेलिफोनवरचा आवाज, चित्रं, कागदपत्रं, हिशेब. दुसऱ्या बाजूने एकच बारीक लाइन बाहेर पडते. येणारं जास्त, जाणारं कमी, म्हणून काहींना डब्याच्या आत जरा थांबावं लागतं. ही थांबायची जागा म्हणजे मेमरी. तिला बफर म्हणतात. डबा स्वस्त ठेवायचा, म्हणून जागा बेताची. एवढ्याशा जागेत कोणाला किती द्यायची, यातच सगळं कौशल्य होतं, आणि भांडणही तिथेच होतं.

डब्याला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्याचं. दवाखान्याचं एक छोटं केंद्र हरसूलला होतं. तिथे सगुणाबाई नावाच्या अनुभवी नर्स होत्या, पण कायमचा डॉक्टर नव्हता. तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी लाइनवरून बोलून त्यांना सल्ला द्यायचा, आणि त्याच लाइनवरून तपासण्यांची चित्रं आणि कागदही जायचे, असा बेत ठरला. त्यासाठी डब्यात तीन रांगा होत्या. पहिली आवाजाची, दुसरी चित्रांची, तिसरी कागदांची.

"डॉक्टरांचा आवाज सगळ्यांत महत्त्वाचा ना?" धनराज सर म्हणाले. "मग सगळ्यांत मोठी जागा त्याला. एवढं साधं आहे."

सर माणूस भला, पण मानपानाच्या बाबतीत हळवा. लग्नात मामाला फेटा उशिरा बांधला म्हणून आयुष्यभर अबोला धरणाऱ्या घराण्यातले ते. थोरामोठ्याला ऐसपैस जागा, हे त्यांच्या रक्तातच होतं.

"नाही सर," दीपमाला म्हणाली. "पहिल्या रांगेला सगळ्यांत लहान जागा."

"म्हणजे नवरदेवाला स्टुलावर बसवायचं आणि वऱ्हाडाला सोफा?"

"नवरदेवाला बसायचंच नाहीये ना सर! आवाज आला की थेट पुढे जाणार. ज्याला थांबायचं नाही त्याला दिवाणखाना कशाला? त्याला दार उघडं मिळालं की झालं. दिवाणखाना थांबणाऱ्यांना द्या."

हे तिच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं होतं. तिच्या वडिलांचा, सावळीरामतात्यांचा, मखमलाबादला गुलाबाचा आणि भाजीचा मळा. टोमॅटोचे कॅरेट शेडमध्ये रचून ठेवायचे, टेम्पो येईल तेव्हा चढवायचे. गुलाब मात्र तोडले की निघाले. शेडमध्ये गुलाबांसाठी दारापाशी चार हात मोकळी जागा असे आणि तिथे कॅरेट ठेवणाऱ्याचा तात्या उद्धार करत. ती मोकळी जागा फुकट गेली असं तिथे कोणालाच वाटत नसे. दीपमालानेही डब्यात तेच केलं होतं. कागदांना हवी तेवढी मोकळी जागा वापरू द्यायची, पण शेवटचा तुकडा कधीच भरू द्यायचा नाही. अचानक येणाऱ्यासाठी तो राखायचा.

सरांना काही ते पटलं नाही. अखेर त्यांच्या हट्टाखातर पहिल्या रांगेला भलीमोठी जागा देऊन चाचणी घेतली. दवाखान्याच्या डॉक्टर मोहिनीबाई नाशिकहून बोलत होत्या, सगुणाबाई हरसूलहून. गर्दी वाढली तसे शब्द त्या मोठ्या जागेत ऐसपैस बसून राहायला लागले. एकही हरवला नाही, सगळे पोचले, पण वरातीसारखे रेंगाळत.

"पेशंटला ताप आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. उत्तर नाही. वाट पाहून त्यांनी पुढचं विचारलं, "पेशंट शुद्धीवर आहे का?"

तेवढ्यात सगुणाबाईंचं पहिलं उत्तर येऊन पोचलं. "नाय म्याडम, अजिबात नाय!"

डॉक्टर खुर्चीतून उठल्याच. मग लक्षात आलं, ते 'नाय' तापाचं होतं.

"शब्द तर सगळे पोचले ना," सर पुटपुटले.

"शिळे पोचले," दीपमाला म्हणाली. "बाजार उठल्यावर गुलाब पोचून काय उपयोग? त्यापेक्षा एखादा शब्द गळला तर परवडला, ती बाई पुन्हा विचारेल."

सरांनी चाचणीचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ठीक. तुझ्या पद्धतीने करू. पण उद्घाटनाला सगळी मंडळी येणार आहेत. त्यांच्यासमोर फजिती झाली तर डबा कायमचा बंद. पुन्हा आपले इन्व्हर्टर भले. मग मला बोल लावायचा नाही."

"बंद करायची वेळ येणार नाही," दीपमाला म्हणाली. हे बोलताना तिची मान ताठ होती.

उद्घाटन २००४ च्या ऑगस्टात दवाखान्याच्या सभागृहात ठरलं. हार-तुऱ्यांची फुलं तात्यांच्याच मळ्यातली. तात्या स्वतः टोपल्या घेऊन आले आणि दारापाशी उभे राहिले. लेकीचा कार्यक्रम म्हणून धुवट टोपी घातली होती. मुलगी काय करते असं गावात कोणी विचारलं, की "कॉम्प्युटरमधी हाय," एवढंच ते सांगत, आणि पुढचा प्रश्न येण्याआधी पिकाचा विषय काढत. आपल्याला सांगता येत नाही याचं त्यांना वाईट वाटे. टोमॅटोच्या रोगाचं नाव इंग्रजीत सांगू शकणारा माणूस, पण पोटच्या पोरीचं काम सांगायला शब्द सापडत नव्हते.

दीपमाला कोपऱ्यातल्या टेबलाशी डबा आणि कॉम्प्युटर घेऊन बसली होती. दवाखान्याचे अध्यक्ष रंगनाथराव कॅमेऱ्यापुढे भाषणाला उभे राहिले. त्यांचं भाषण चित्रासकट हरसूलच्या केंद्रात दिसणार होतं. तिथल्या लोकांना मुद्दाम जमवलं होतं. भाषणानंतर मोहिनीबाई लाइनवरून सगुणाबाईंना दोनचार ठरलेले प्रश्न विचारणार, टाळ्या, चहा, असा कार्यक्रम.

पण हरसूलच्या बाळाला कार्यक्रमपत्रिका कोण दाखवणार?

रंगनाथराव रंगात आले असतानाच टेबलावरचा, डब्याला जोडलेला फोन वाजला. मोहिनीबाईंनी उचलला. स्पीकर चालूच होता.

"म्याडम, भागीबाई बाळंत झाली. पोर रडंना. निळं पडलंय!" सगुणाबाईंचा आवाज स्वच्छ येत होता.

मोहिनीबाई क्षणात दुसऱ्याच बाई झाल्या. "पुसलं का? तोंड साफ केलं? मग मास्क लावा आणि हवेचा फुगा दाबा. मी सांगते तशी दाबा. दाबा... सोडा... दाबा..."

"म्याडम, तुटतंय! काय म्हनल्या? दाबू का सोडू?"

तिकडून इकडे आवाज नीट येत होता, इकडून तिकडे जाताना तुकडे होत होते. दीपमालाने पडद्यावर नजर टाकली आणि तिचं डोकं सणकलं. पहिल्या रांगेचा पट्टा लाल झाला होता, रांग ओसंडून वाहत होती. आवाजासाठी ठेवलेल्या एवढ्याशा जागेत कोणीतरी अवजड चित्रं कोंबली होती. ते कोणीतरी म्हणजे रंगनाथराव होते. अख्खं भाषण पहिल्या रांगेत!

"सर, हे कोणी केलं?"

धनराज सरांचा चेहरा पडला. "अगं, अध्यक्षांना दुसऱ्या रांगेत कसं टाकायचं? सकाळी मीच बदललं ते. तू त्या रांगेची जागा वाढव ना! लवकर!"

घाबरलेल्या माणसाला हेच सुचतं. जागा वाढवली असती तर डॉक्टरांचे शब्द भाषणाच्या मागे थांबून थांबून गेले असते. 'दाबा' पोचेपर्यंत सोडायची वेळ झाली असती. सरांशी ज्यासाठी वाद घातला तेच आता तिच्यासमोर जिवंत होऊन उभं होतं, आणि तिला क्षणभरसुद्धा शंका आली नाही.

"जागा वाढणार नाही," ती म्हणाली. "साहेब मागे जाणार."

"दीपमाला, ते अध्यक्ष आहेत! चित्र मध्येच थांबलं तर..."

तिने सरांचा हात कीबोर्डवरून चक्क बाजूला केला, रंगनाथरावांना पहिल्या रांगेतून उचललं आणि दुसरीत नेऊन बसवलं. पहिली रांग रिकामी झाली. पडद्यावरचा लाल पट्टा हिरवा झाला.

"दाबा... सोडा... दाबा... सोडा..."

"आता येतंय म्याडम! दाबलं... सोडलं..."

रंगनाथराव एव्हाना बोलायचे थांबले होते. सभागृहात दोनच बायकांचे आवाज होते, एकमेकींच्या पाठोपाठ, जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींसारखे. नाशिकहून शब्द सुटत होता आणि हरसूलला हात दाबला जात होता. मध्ये कुठे खंड नाही, उशीर नाही. दीपमाला पडद्याकडे पाहत होती, पण तिला दिसत काही नव्हतं. ती नुसती ऐकत होती. पुढच्या ओळीतल्या कोणीतरी हात जोडले होते. दारापाशी तात्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"दाबा... सोडा..."

आणि मग स्पीकरमधून एक बारीक, चिडका, बेसूर आवाज आला. आधी मांजरासारखा, मग चांगला ठणठणीत.

"रडलं! म्याडम, रडलं बगा! गुलाबी झालं!"

सभागृहाने टाळ्यांचा असा कडकडाट केला की बाळाचं रडणं काही वेळ ऐकूच आलं नाही. दीपमालाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. 'माझा डबा' एवढंच तिच्या मनात येत होतं, 'हा माझा डबा.'

थोड्या वेळाने सगुणाबाईच पुन्हा बोलल्या. "आन साहेबबी झ्याक दिसले म्हनत्यात हितली मानसं. जरा मागून मागून बोलत होते, पन अख्खे दिसले. मगाशी नुसते तुकडे येत होते."

रंगनाथरावांनी कोपऱ्याकडे वळून पाहिलं. "मधेच काहीतरी बदललंत वाटतं. मला कुठे ठेवलं होतं?"

"पहिल्या रांगेत, साहेब!" धनराज सर घाईघाईने म्हणाले. "तुम्ही कायम पहिल्याच रांगेत."

आता दीपमाला गप्प बसली असती तर सगळं गोडीत निभावलं असतं. पण लोक तिला शिष्ट काय उगाच म्हणतात?

"नाही साहेब," दीपमाला उभी राहून म्हणाली. "सरांनी मानाने तुम्हाला पहिलीत बसवलं होतं. मी उचलून दुसरीत टाकलं. पहिली रांग मी मुद्दाम लहान ठेवलीय, तिथे थांबायची सोय नाही. दुसरीत मोठी जागा आहे, म्हणून तुम्ही उशिरा का होईना, अख्खे पोचलात."

धनराज सरांनी डोळे मिटून घेतले. बहुधा त्यांना डोळ्यांपुढे इन्व्हर्टर दिसत असावेत.

"म्हणजे माझ्यापुढे कोणाला बसवलंत?" रंगनाथरावांनी विचारलं.

दीपमालाने स्पीकरचं बटण फिरवून आवाज मोठा केला. हरसूलचं ते पोर कोकलत होतं, कोणाची पत्रास न ठेवता.

"ह्याला," ती म्हणाली.

रंगनाथराव ऐकत राहिले. मग त्यांनी गळ्यातला हार काढला, कोपऱ्यातल्या टेबलाशी आले आणि तो त्या राखाडी डब्यावर ठेवला. "मग ही रांग अशीच राहू द्या," ते म्हणाले. "उद्या मी जरी सांगितलं तरी बदलायची नाही. आणि धनराजशेठ, बाकीच्या केंद्रांनाही हाच डबा लावू." मग सभागृहाकडे वळून त्यांनी विचारलं, "ही मुलगी कोणाची हो?"

धनराज सरांनी तोंड उघडलं होतं, पण दारापासून उत्तर आधी आलं.

"माजी हाय," तात्या म्हणाले, आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी फुलबाजारात गुलाबाच्या जुड्या उतरवताना शेजारच्या गाळेवाल्याने नेहमीप्रमाणे विचारलं, पोरगी नेमकं काय करते म्हणून. सावळीरामतात्यांनी या वेळी पिकाचा विषय काढला नाही. हातातली जुडी खाली ठेवली आणि आजूबाजूच्या चार गाळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"सायबाला मागं बसवती, आन बाळाला पुढं."